विहाराच्या खिडक्या

माझ्या आईने नोकरीची सगळी वर्षं लोकांना बसच्या खिडक्या उघडायला लावण्यात घालवली. ती मूर्तिजापूरला एसटीत कंडक्टर होती. वडील ड्रायव्हर होते. ते गेले तेव्हा धाकटा भाऊ आणि मी शाळेत होतो, आणि अनुकंपा तत्त्वावर तिकिटांची बॅग आईच्या खांद्यावर आली. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरून अशी झळ येते की प्रवासी काचा गच्च लावून घेतात आणि आत घामाने आंबून बसतात. पावसाळ्यात काचा लावायला पाऊस हे कारण असतंच. आई दोन्ही ऋतूंत प्रवाशांशी भांडली. घरी आल्यावरही तिचा आवाज खाली उतरत नसे. जेवायला या, हे ती शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगायची, आणि आमचं घर होतं दोन खोल्यांचं.

हा आवाज तिच्या निवृत्तीनंतरच्या एका हिवाळ्यात बसला. आधी कोरडा खोकला आला, मग त्याने मुक्कामच ठोकला. खोकल्यावर आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे हमखास औषध आहे. कुणी ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली, मामीने अडुळशाचा काढा आणला, मेडिकलवाल्याने न विचारता लाल बाटली काढून दिली. मामाने तर कमालच केली. त्याच्या दाढेच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या त्याने कागदात बांधून आणल्या, आणि इन्फेक्शन म्हणजे शेवटी इन्फेक्शनच, असं वर समजावलं. आई कुणाचं मन न मोडता सगळं घेत गेली. तिचं वजन उतरलं तेव्हा एका लग्नात बायका तिला बाजूला घेऊन विचारत होत्या, की असं बारीक व्हायला काय खाता. आज हे आठवलं की मला हसू येतं, आणि हसू ओसरलं की राग येतो.

मी अमरावतीला असते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी आहे, सुट्टीच्या दिवशी मूर्तिजापूरला चक्कर होते. अशाच एका संध्याकाळी चहाचा कप घेताना तिच्या हाताला माझा हात लागला, तर तो तापलेला. ऊन लागलं असेल, ती म्हणाली. दिवेलागणीला कसलं ऊन? मग चौकशी केली तेव्हा कळलं की रोज संध्याकाळी अंगात कणकण असते आणि पहाटे नेसलेलं पातळ घामाने भिजतं. मी तिथेच आकांडतांडव केलं. माझा तोल लवकर जातो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी आई कुरकुरत का होईना सरकारी दवाखान्यात आली. आयुष्यभर मोकळ्या हवेत राहिलेल्या बाईला काय होणार, हे तिचं वाटभर चालू होतं. ज्या मोकळ्या हवेबद्दल ती बोलत होती ती खच्चून भरलेल्या बसमधली होती.

बेडका तपासला, एक्स-रे काढला. टीबी निघाला.

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “तुह्या मामाले सांगू नको.” भर बसमध्ये चार दारुड्यांना खाली उतरवणारी माझी आई भावाला घाबरली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. आजाराची तिला भीती नव्हती. लोकांच्या नजरेची होती. तिच्या लहानपणी त्यांच्या गावात एका बाईला हा आजार झाला होता. त्या बाईला गोठ्याशेजारी खाट टाकून दिली होती आणि भाकरी लांबून सरकवत. आई ते विसरली नव्हती.

पण तिचा एक गुण आहे. तिला एखादी गोष्ट नीट समजली नाही तर ती समोरच्याला सोडत नाही. गोळ्या देणाऱ्या सिस्टरला तिने प्रश्न विचारून विचारून दमवलं. हा आजार ताटावाटीतून जातो का? नाही, खोकल्यातून, हवेतून जातो. मग ताट वेगळं ठेवायचं कशाला? ठेवायची गरज नाही, तोंडावर रुमाल धरा आणि खिडक्या उघड्या ठेवा. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या का? अजिबात नाही, सहा महिने एकही दिवस न चुकता. सिस्टरने सांगितलं की गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका पुष्कळ उतरतो, पुन्हा तपासून डॉक्टरच काय ते सांगतील. आईने हे सगळं तिच्यासमोर एकदा म्हणून दाखवलं आणि बरोबर आहे ना, असं विचारून मगच ती उठली.

मामापासून अर्थातच लपलं नाही. त्याचं घर आमच्याच गल्लीत. तो आला, मामी आली, आणि कारभार त्यांनी ताब्यात घेतला. मामीने आईचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि चुकून अदलाबदल नको म्हणून प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मग उन्हाची झळ येते म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या, फटींना गोणपाटं कोंबली, आणि कूलरच्या त्या बंद खोलीत आई, भाऊ, मामा, मामी सगळे मिळून सल्लामसलत करत बसले. ताट वेगळं आणि हवा एकच. मी दारातून हे पाहिलं आणि माझा पारा चढला. पण माझ्याआधी आई उठली. तिने गोणपाट ओढून काढलं, खिडकी उघडली आणि मामाला म्हणाली, “माह्या पेल्याले भेतं अन् माह्या खोकल्यात बसतं?” तिचा आवाज अजून बसलेलाच होता, पण ती पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली याचा मला फार आनंद झाला.

मामा वाईट माणूस नाही. वडील गेल्यावर आमच्या पाठीशी तोच उभा राहिला. त्याची काळजी वेगळी होती. माझ्या भावाचं लग्न ठरत आलं होतं. भाऊ वीज कंपनीत लाइनमन आहे, आणि अंजनगाव सुर्जीकडची एक मुलगी त्याला सांगून आली होती. पाहणं झालं होतं, दोघं फोनवर बोलायला लागले होते, आणि आमचा घुमा भाऊ स्वयंपाकघरात उभा राहून स्वतःशीच हसताना मी पकडला होता. दिवाळीनंतर लग्न करायचं असं बोलणं होतं. आता त्या मुलीची सख्खी आत्या आमच्याच वॉर्डात राहते आणि आमच्याच बुद्धविहारात येते. म्हणजे इथे शिंकलं की तिकडे अंजनगावला ऐकू जाणार. मामाने सांगितलं की लोकांना छातीत कफ साठलाय एवढंच सांगायचं. भावाने होकारार्थी मान हलवली, आणि आईनेही हलवली. पोराच्या लग्नाचा प्रश्न होता.

गोळ्या लागू पडल्या. ताप गेला, भूक परतली, आणि घरच्या सगळ्यांची तपासणी झाली ती स्वच्छ निघाली. पुढे डॉक्टरांनी पुन्हा बेडका तपासला आणि आता चार लोकांत मिसळायला हरकत नाही, गोळ्या तेवढ्या सोडू नका, असं सांगितलं. तोवर आषाढ पौर्णिमा आली आणि विहारात वर्षावासाचे तीन महिने सुरू झाले. या काळात आमच्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. सगळा वॉर्ड जमतो, आणि पाऊस आत येतो, डास येतात म्हणून विहाराच्या खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. दर पौर्णिमेला एका घराकडून खीर असते. कोणाची पाळी कधी हे आदल्या वर्षीच ठरतं, आणि ती पाळी सहसा कुणी सोडत नाही. त्या वर्षीची श्रावणातली पौर्णिमा आमच्या घराची होती.

आई विहारात जायला लागली आणि तिथे तिने तो खोकला ऐकला. मागच्या रांगेत आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई बसायची. ती तोंडात पदर कोंबून खोकायची, वाचणाऱ्याला अडथळा नको म्हणून. आईने तो खोकला ओळखला. बाहेर चपला घालताना तिने त्या बाईला विचारलं, कितीक दिवस झाले? बाई म्हणाली, कपड्यांच्या धाग्यांची अ‍ॅलर्जी आहे. आई म्हणाली, एकदा तपासून घे. बाईचा चेहरा बदलला. तिने आईला जे उत्तर दिलं ते आईने मला फोनवर शब्दन् शब्द सांगितलं: “तुमाले काय जाते सांगाले? तुमच्या घरात टीबी असता, तं बोलल्या असत्या का अशा?”

मी म्हटलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, चपला घातल्या आणि घरी आले.

त्या आठवड्यात आईने मला रोज फोन केला. ती सल्ला मागत नव्हती. ती फक्त बोलत होती. त्या बाईच्या घरात दोन वर्षांचा नातू आहे, तो आजीच्या कुशीत झोपतो. तिला पटवायचं तर आपलं सांगावं लागेल, आणि आपलं सांगितलं की त्या आत्याच्या कानावर जाईल. एकटीला गुपचूप सांगितलं तरी ती एकटीच वाचेल. मागच्या रांगेत असे पदर आणखी किती आहेत कोण जाणे. शेवटी तिने माझ्या भावाला समोर बसवून सांगितलं की पौर्णिमेला ती विहारात बोलणार आहे. मी तेव्हा घरीच होते. भाऊ आधी समजुतीने बोलला. लग्न तेवढं होऊन जाऊ दे, मग सगळ्या गावाला सांग, मी स्वतः रिक्षावर भोंगा लावून देतो, म्हणाला. आई म्हणाली, “तोपर्यंत ते लेकरू तिच्याच कुशीत झोपन ना रे.” भाऊ उठला, त्याने गाडीला किक मारली आणि निघून गेला. मला त्याचाही राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर पेला फेकून मारला असता.

पौर्णिमेच्या सकाळपासून आई खिरीला लागली. मामीने यायचं टाळलं, मामा येऊन शेवटचं समजावून गेला. पाळी दुसऱ्या घराला द्यायची, आई अमरावतीला लेकीकडे गेली असं सांगायचं, असा त्याचा तोडगा होता. आईने त्याला चव बघायला वाटीभर खीर दिली. त्याने ती खाल्ली, हे मी मामाच्या बाजूने आवर्जून सांगते.

संध्याकाळी वंदना झाली, वाचन झालं. आई पातेल्याशेजारी उभी राहिली. हातात पळी होती. बाहेर पाऊस, आत माणसं दाटीवाटीने बसलेली, पंखे तेवढे फिरत होते. ती आत्या पुढून दुसऱ्या रांगेत होती. आई म्हणाली,

“खीर वाटण्याआंधी एक सांगून देतो. मले कफ नव्हता, टीबी झाला. गोळ्या चालू हायेत, डॉक्टरनं पुन्हा तपासलं, आता माह्यापासून कोणाले धोका नाही म्हणते. हा आजार खिरीतून जात नाही, ताटातून जात नाही. खोकल्यातून जाते, अन् बंद खोलीत लवकर जाते. ज्याले खीर घ्याची त्यानं घ्या, ज्याले नाही घ्याची त्यानं नका घेऊ, मी राग नाही मानणार. पण पहिले त्या खिडक्या उघडा.”

कोणी हललं नाही. मग ती स्वतःच गेली आणि एकेक खिडकी उघडत सुटली. पाऊस आत आला, सतरंजीची कड भिजली. मला तेव्हा काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला वाटलं, हीच माझी आई, आणि हिच्या पोटी जन्म घ्यायला मिळाला यापेक्षा मोठं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही.

पुढे जे झालं ते काही सिनेमात दाखवतात तसं नव्हतं. बरेच जण उठून गेले. ती आत्या तर सगळ्यात आधी उठली, आईकडे न बघता. काहींनी संकोचाने द्रोण घेतले, आणि त्यातले काही नंतर मला बाहेर लिंबाच्या झाडाखाली तसेच भरलेले सापडले. थोड्या लोकांनी मनापासून खाल्ली. शेवटी ती शिवणकामवाली बाई मागून उठून आली. तिने दोन्ही हातांनी द्रोण धरला, तिथेच उभ्याने खीर संपवली आणि विचारलं, “उद्या याल का माह्यासंगं?” आई म्हणाली, “सकाळी चूळ भरून तयार राह्य, बेडका द्याचा हाय.”

सोयरीक मोडली. आठवडा उलटायच्या आत अंजनगावहून मामाला फोन आला की मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही. माघारीचं कारण कुणी उच्चारलं नाही, उच्चारायची गरजही नव्हती. भावाने आईशी बोलणं टाकलं. वाढलेलं जेवायचा, पगार आणून द्यायचा, पण बोलायचा नाही. मी त्याला चार शब्द सुनवायला निघाले तर आईनेच मला अडवलं. “त्याचा राग खरा हाय, राहू दे त्याले,” ती म्हणाली. तिने त्याच्यासमोर कधी बाजू मांडली नाही आणि केलं ते बरोबर केलं असंही कधी म्हटलं नाही. स्वयंपाकघरात ती कधीकधी उगाच उभी असायची. तिलाही ती मुलगी आवडली होती.

शिवणकामवाल्या बाईला टीबी निघाला. तिच्या नातवाची तपासणी झाली, त्याला आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. तिच्यानंतर एक हमाल गेला, मग कॉलेजातली एक मुलगी तिच्या आईला घेऊन आली. सगळ्यांना काही टीबी निघाला नाही. कुणाला दमा होता, कुणाला नुसताच खोकला. पण आता लोक आईच्या दारात यायला लागले आणि आई प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारायची, कितीक दिवस झाले? काढा, लाल बाटली, उरलेल्या गोळ्या हे सगळं ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग त्या माणसाला घेऊन दवाखान्याची वाट धरायची. कुणी मधेच गोळ्या सोडल्या की मात्र ती शांत राहत नसे. त्या माणसाच्या घरासमोर उभी राहून ती त्याला असा काही आवाज द्यायची, की आख्ख्या गल्लीला कळे. आवाज आता पूर्ण परतला होता.

विहाराच्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या. डासांनी लोकांना फोडून काढलं. वाचन चालू असताना चापट्यांचे आवाज यायचे आणि म्हातारे आईच्या नावाने बोटं मोडायचे. मग कुणीतरी जाळ्या बसवून घेतल्या. मामीने एक दिवस येऊन आईच्या पेल्याचा लाल ठिपका नखाने खरवडून काढला. नंतर त्याच पेल्यात ती चहा प्यायली. आईच्या गोळ्या संपल्या, शेवटची तपासणी स्वच्छ आली. त्या मुलीचं लग्न अकोल्याकडे झाल्याचं आमच्या कानावर आलं. ते कळलं त्या दिवशी भाऊ जेवला नाही.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीला घरी होते. आई कुणालातरी घेऊन दवाखान्यात गेली होती, भाऊ ड्युटीवरून येऊन नुकताच बसला होता. दुपारच्या सामसुमीत दार वाजलं. भावाने उघडलं, आणि बाहेर ती आत्या उभी होती.

मी आतून पाहत होते. मला तिला बरंच काही सुनवायचं होतं, आणि भावाचा राग अजून गेलेला नाही, हेही मला माहीत होतं. आत्या खूप वाळली होती. तिने जय भीम केला, आई आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर ती परत फिरली, पण पायरीवरच तिला खोकल्याची उबळ आली. तिने पदर तोंडात कोंबला, एका हाताने भिंत धरली. खोकला थांबायचं नाव घेईना. भाऊ दाराची कडी धरून तसाच उभा होता. उबळ ओसरल्यावर ती मान वर न करता म्हणाली, मी काय तोंडानं येऊ, पण तुमच्या आईशिवाय कोणाले सांगू.

भावाने तिला विचारलं, “कितीक दिवस झाले?”

आत्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच ती रडायला लागली. भाऊ आत आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. खुंटीवरची गाडीची चावी काढली, माठातून पाणी भरून आईचा पेला तिच्या हातात दिला, आणि ती पाणी पीत होती तोवर त्याने गाडी दारात आणून लावली.

“माय बी तठी दवाखान्यातच हाय,” तो म्हणाला. “बसा मावशी. तोंडाले पदर बांधून घ्या, अन् मले धरून बसा.”